दहाची रेघ

नव्या सिस्टरांची तुकडी आली की पहिल्या दिवशी मी फळ्याकडे वळत नाही. ट्रेमध्ये इन्सुलिनच्या दोन बाटल्या ठेवते, मुदत संपलेल्या, शिकवण्यासाठी राखलेल्या. शेजारी दोन सिरिंज. मग एकेकीला म्हणते, दहा युनिट भर.

एका बाटलीवर ४० आययू प्रति मिली छापलेलं असतं, दुसरीवर १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. ४० ची बाटली नारिंगी सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढली तर रुग्णाला चारच युनिट मिळतात. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि पुढच्या पाळीची सिस्टर योग्य सिरिंज उचलते तेव्हा तोच वाढवलेला डोस पूर्ण जातो. उलटी चूक त्याहून वाईट. १०० ची बाटली लाल सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत म्हणजे पंचवीस युनिट. रात्री असं झालं तर साखर कोसळून निपचित पडलेला माणूस गाढ झोपलाय असंच वाटतं.

मुलींना हे ठाऊक असतं. जीएनएमच्या तीन वर्षांत, बीएस्सीच्या चार वर्षांत त्यांनी ते लिहून गुण मिळवलेले असतात. पण ट्रे समोर आला की हात आधी सिरिंजकडे जातो आणि डोळे बाटलीच्या लेबलकडे नंतर. माझं काम त्या दोहोंमधल्या क्षणाचं आहे. लेबल वाच, मोठ्याने वाच, शेजारणीला ऐकू जाईल असं वाच. ही सवय वर्गात लागत नाही. ती खाटेजवळ, घाईत, नातेवाईक मागे उभे असतानाच लावावी लागते.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातल्या रुग्णालयांत कामाला लागणाऱ्या मुली मुरबाड, शहापूर, कर्जतच्या गावांतून येतात, काही विदर्भ-मराठवाड्यातून, काही केरळहून. बदलापूरला चौघी-पाचजणी मिळून खोली घेतात आणि लोकलने ड्युटीवर येतात. सरकारी बाजूला उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचं छाया रुग्णालय आहे. त्यांच्याभोवती लहान-मोठी खाजगी रुग्णालयं दाटीने उभी आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शिकवण्यासाठी वेगळं माणूसच नसतं. इन्चार्ज सिस्टर राउंड सांभाळत, फायली पुऱ्या करत जमेल तसं सांगते. त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे, पण असं जाता-जाता सांगितलेलं जाता-जाताच विसरलं जातं.

खाटेजवळचा पहिला धडा नाव विचारण्याचा, आणि उल्हासनगरात तो जास्तच गरजेचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी हे शहर वसवलं. १९४९ साली त्याला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ते आजही कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. इथल्या वॉर्डात ‘आनी’ने संपणारी आडनावं शेजारशेजारच्या खाटांवर असतात, कधी नावही तेच. वयस्कर बाबांना कमी ऐकू येतं, मराठी अर्धी कळते, आणि सिस्टरला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतात. “बाबा, तुम्ही मोहनलालच ना?” असं विचारलं की उत्तर होच येणार. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. “तव्हांजो नालो छा आहे?” एवढं सिंधी मी प्रत्येकीला पाठ करायला लावते. मग मनगटावरच्या पट्टीवरचा रुग्ण क्रमांक फाइलशी ताडायचा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, कारण रुग्ण खाट बदलतो.

हे कंटाळवाणं आहे. सकाळच्या पाळीत वीस रुग्णांना तेच विचारताना जीभ थकते, आणि “सारखं सारखं नाव काय विचारता?” असं नातेवाईक चिडून म्हणतात. त्यावरचं उत्तरही मी शिकवते: तुमच्या बाबांचं औषध दुसऱ्या कुणाला जाऊ नये, म्हणून विचारते. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक नातेवाईक निवळतात.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीमुळे अंगावर किंवा डोळ्यांत रसायन उडालेला कामगार येऊ शकतो. तिथे घाई हवी, पण ती योग्य गोष्टीची. नवी सिस्टर केसपेपर, बीपी, सलाईन अशा क्रमाने जाऊ पाहते. मी तिला आधी नळाकडे पाठवते. कपडे उतरवा आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा. पूड असेल तर आधी झटकून काढा. रसायनाचं नाव सोबत आलेल्या माणसाला विचारायचं, पण त्यासाठी पाणी थांबवायचं नाही.

वॉर्डातली साफसफाई करणाऱ्या मावशी आणि मामांचा वर्ग मी वेगळा घेते आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, सलाईनचे सेट लालमध्ये, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. रंग त्यांना लगेच पाठ होतात. पण सिस्टरने घाईत सुई लाल पिशवीत टाकली, तर ती टोचते मावशीच्या हाताला. म्हणून एक सत्र मी दोघींना एकत्र बसवते. सुई टोचली तर पिळायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि तेव्हाच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर ती देण्यात अर्थ उरत नाही. नोकरी जाईल या भीतीने मावशी लपवतात. ही भीती काढणं हे माझंच काम आहे, असं मी मानते.

सर्वांत अवघड धडा फोनवरच्या ऑर्डरचा. रात्री डॉक्टर झोपेतून बोलतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. ऑर्डर लिहायची, लिहिलेली वाचून दाखवायची, आकडे सुटे बोलायचे: वन फाइव्ह. बावीस वर्षांच्या मुलीला सीनिअर डॉक्टरला पुन्हा विचारणं हा उद्धटपणा वाटतो. म्हणून सरावात मी डॉक्टर बनते, चिडक्या आवाजात बोलते, मध्येच फोन ठेवते. तिने परत लावायचा. जी तिसऱ्यांदाही फोन लावते, तिलाच मी रात्रपाळीला सोडते.

यासाठी वेळ लागतो, आणि मिळत नाही तो वेळच. माणसं कमी असतात, म्हणून नवी मुलगी आल्या आठवड्यातच पूर्ण वॉर्डाची धनी होते. वर्षभरात ती सरकारी भरतीत किंवा आखातात जाते, तिच्या जागी दुसरी नवी येते आणि तेच चक्र पुन्हा सुरू. प्रत्येक बैठकीत मी व्यवस्थापनाकडे एकच मागणी धरून बसते. पहिला महिना ड्युटी चार्टवर नव्या सिस्टरचं नाव जादा म्हणून लिहा, कुणाच्या बदली म्हणून नको. तिच्या जोडीला त्याच वॉर्डातली एक जुनी सिस्टर नेमा आणि त्या जुनीचे रुग्ण तेवढ्यापुरते कमी करा. नवीने कॅथेटर, रक्त चढवणं, इन्सुलिन हे त्या जुनीसमोर करून दाखवलं की मगच कौशल्यपत्रकावर सही होईल. सही कामावर, तारखेवर नाही.