मुलं विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगूया

मी दवाखान्यात नोकरीला असताना एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. पोट दुखतं म्हणाली. तपासलं, तर चौथा महिना. "पहिल्या वेळी दिवस जात नाहीत, असं मैत्रीण म्हणाली होती," एवढंच ती बोलली. आई रडत म्हणाली, "सिस्टर, मी तिला कधी काही सांगितलंच नाही."

आपण गप्प बसलो तरी मुलांना कळतंच. मोबाईलवरून, मित्रांकडून, आणि अर्धवट. म्हणून हे नीट समजून घ्या.

पहिल्या संबंधातही दिवस जाऊ शकतात. वीर्य बाहेर सोडणं हा भरवशाचा उपाय नाही. गर्भनिरोधक गोळी गर्भ रोखते, आजार नाही. गर्भ राहणं आणि एचआयव्ही, परमा यांसारखे आजार, दोन्हींपासून बचाव करतो तो कंडोम. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो.

वापरताना पाकिटावरची तारीख पाहा. दातांनी किंवा ब्लेडने फोडू नका. संबंधाआधीच, ताठ लिंगावर, टोक चिमटीत धरून चढवा. तेल, व्हॅसलिन लावू नका, रबर फाटतं. एकावर एक दोन घालू नका. एक कंडोम एकदाच वापरायचा आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा.

फाटलाच, तर भीतीपोटी दिवस घालवू नका. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. नेहमीचा उपाय म्हणून ती वापरू नये. एचआयव्हीची शंका असेल तरीही ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा; तिथे २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

दिवस गेलेच, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. नोंदणीकृत डॉक्टरकडे २० आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, अविवाहित मुलीलाही.

मुलग्यांना आणखी एक सांगा: समोरची "नाही" म्हणाली, की तिथेच थांबायचं. आणि १८ वर्षांखालील मुलीशी संबंध, तिची संमती असली तरी, पोक्सो कायद्याने गुन्हा आहे.

'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडली बाबासाहेबांनी. मग आपल्याला घरात बोलायला लाज कसली?

सगळं एका दिवसात सांगू नका. पाळीपासून सुरुवात करा, आणि मुलालाही शेजारी बसवा.