हप्ता, वर्गणी, खंडणी : धाकाच्या पैशाची नावे

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, जळतो, आणि उरलेली राख बल्करमधून सिमेंटच्या कारखान्यांकडे जाते. बल्करचा मालक ‘हप्ता’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात फायनान्स कंपनीचा महिन्याचा हप्ता असतो. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही मालवाहतुकीच्या रस्त्यावर या शब्दाचा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहिला हप्ता थकला तर गाडी ओढून नेतात, दुसरा थकला तर काच फुटते. पहिल्याची पावती मिळते, दुसऱ्याची मागायची सोय नसते.

धाक दाखवून पैसे उकळणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. खंडणीखोर, खंडणीबहाद्दर, हप्तेखोर, दादा, भाई, गावगुंड, अलीकडे माफिया. गंमत अशी, की यातले कित्येक शब्द मुळात गुन्ह्याचे नव्हतेच.

‘खंडणी’च घ्या. एकलहरे ज्या नाशिक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात वणी-दिंडोरीजवळ १७ ऑक्टोबर १६७० रोजी शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगली फौजेला हरवले. महाराज तेव्हा सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतत होते. त्या काळातली खंडणी हा राजकारणातला उघड व्यवहार होता. आधी पत्र जाई, वकील बोलणी करत, रक्कम ठरे, आणि ती चुकती झाली की मुलखाला फौजेचा उपद्रव होऊ नये अशी अपेक्षा असे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आणल्या, तेव्हा अशा वसुलीवर बादशाही शिक्काही बसला. देणाऱ्याला ती जड जात असणारच. पण मागणारा राज्यकर्ता होता, आणि त्याचे नाव कागदावर होते. हा फरक विसरून आजच्या गुंडाला ‘खंडणीबहाद्दर’ म्हणणे म्हणजे त्याला फुकटात सरदारकी बहाल करणे.

‘दादा’ आणि ‘भाई’ घरातून आले. थोरल्या भावाचा मान गल्लीतल्या दांडगाईला इतका चिकटला, की १९८१ साली राज्य सरकारने कायदा केला तेव्हा ‘झोपडपट्टीदादा’ हा शब्द थेट त्याच्या शीर्षकात आला; शेजारी ‘हातभट्टीवाले’. लोक या कायद्याला एमपीडीए म्हणतात. ‘त्याच्यावर एमपीडीए लागला’, म्हणजे तो स्थानबद्ध झाला, हे नाशकात शाळकरी पोरालाही कळते.

वर्गणीचेही तसेच. सार्वजनिक उत्सवाची वर्गणी स्वेच्छेने द्यायची असते, आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला ती गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. दुकानदारासमोर पावतीपुस्तक आपटून आकडा कार्यकर्तेच भरू लागले, की नाव तेच राहते, व्यवहार बदलतो. ‘माथाडी’ हा तर कष्टाचा शब्द. अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. आज त्याच नावावर ओझे न उचलता पैसे मागणाऱ्या टोळ्यांबद्दल उद्योजक तक्रार करतात, आणि बदनाम होतो तो खरोखर पोती वाहणारा.

कायद्याच्या मराठीने मात्र नवाच शब्द घडवला : बलाद्ग्रहण. जुन्या दंड संहितेचे हे ३८३ वे कलम. बोलण्यात हा शब्द कोणी वापरत नाही, पण त्याची व्याख्या मोलाची आहे. चोर वस्तू उचलून नेतो. इथे माणूस भीतीपोटी स्वतःच्या हाताने देतो. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला तो राजीखुशीचा सौदा वाटू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३०८ मध्ये आहे. शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सात झाली, आणि जिवाची भीती घालून पैसे घेतले असतील तर ती दहा वर्षांपर्यंत जाते. पैसे हाती पडले नसले तरी त्यासाठी भीती घालणे हाही गुन्हाच.

इंग्रजीतल्या ‘ब्लॅकमेल’चा टपालाशी संबंध नाही. त्यातल्या ‘मेल’चा स्कॉटलंडच्या सीमाभागातला अर्थ खंड किंवा भाडे असा होता, आणि लुटारूंपासून बचाव म्हणून शेतकरी लुटारूंनाच जे देत तो हा ‘काळा खंड’. सिसिलीत माफियाला द्यायच्या हप्त्याला ‘पिझ्झो’ म्हणतात. पालेर्मोचे कापड उद्योजक लिबेरो ग्रास्सी यांनी जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात पत्र छापून आणले. ते त्यांनी थेट खंडणीखोराला उद्देशून लिहिले होते, आणि आपण पैसे देणार नाही असे जाहीर केले होते. त्याच वर्षी २९ ऑगस्टला त्यांना गोळ्या घातल्या. उघड विरोध करण्याची किंमत अशीही असते.

ती आपल्याकडेही मोजली गेली. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. दोषारोपपत्रानुसार त्याचे मूळ पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीत आहे. पाठोपाठ त्याच जिल्ह्यातल्या परळीच्या वीज केंद्रातली राख चर्चेत आली आणि ‘राख माफिया’ हा शब्द रुळला. राख एकलहऱ्यातही निघते. दोष राखेचा नसतो. रोज निघणारा माल, ठरलेला रस्ता आणि वेळेची घाई जिथे एकत्र येतात, तिथे अडवणाऱ्याला भाव मिळतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांच्या ताब्यातले ‘भाई’ कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणताना महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. लोक खूश झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. खटला मात्र व्हिडिओवर उभा राहत नाही, फिर्यादीवर राहतो. कोणी मागितले, कधी मागितले, कशाची भीती घातली आणि रक्कम किती, हे फिर्यादीत लिहावे लागते. ‘हप्ता द्यावा लागतो’ या वाक्यात यातले काहीच नसते. मागणाऱ्याचे नावसुद्धा नाही.