पात्रासची मुखवट्यांची मिरवणूक

१७ मार्च २०२४ च्या दुपारीं ग्रीस देशांतील पात्रास या बंदरांत, रस्त्याच्या कडेला दाटलेल्या गर्दींत, यजमान, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी असे तिघेजण उभे होतों. यजमानांच्या नोकरीनिमित्त ग्रीसमध्यें येऊन आम्हांला सहा महिने झाले होते. मुलीला मात्र एकहि मैत्रीण मिळाली नव्हती. शाळेंत, बाजारांत, बसमध्यें तिला एकच प्रश्न ऐकावा लागे : 'तूं कुठली ?' विचारणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसे. पण ज्याला रोज उत्तर द्यावें लागतें, त्याला तो प्रश्न जड होतो. म्हणून गर्दींत यावयास ती तयार नव्हती. आम्हींच तिला आग्रहानें आणलें होतें.

ही मिरवणूक ज्या उत्सवाची, त्याला ग्रीक लोक 'अपोक्रिएस' म्हणतात. मांसापासून दूर होणें, असा त्या शब्दाचा अर्थ. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथांत ईस्टरपूर्वीं दीर्घ उपवास असतो. त्यांत मांस, अंडीं, दूध, लोणी हीं सर्व वर्ज्य. तेव्हां उपवासाआधींचे तीन आठवडे खाण्यापिण्याचे आणि थट्टामस्करीचे. दुसऱ्या आठवड्यांतील गुरुवारीं ठिकठिकाणीं शेगड्या पेटवून मांस भाजतात, आणि त्या दिवसाचें नांवच मुळीं भाजण्याच्या वासावरून पडलेलें आहे. येणाऱ्या रविवारीं मांसाचा निरोप, आणि शेवटचा आठवडा चीज व दुधाचा. ईस्टरचा दिवस चंद्राच्या गणितानें ठरत असल्यामुळें हा सारा क्रम, आपल्या सणांप्रमाणेंच, दरवर्षीं मागेंपुढें सरकतो.

या उत्सवाचें मूळ कांहीं लोक प्राचीन दिओनिसस देवापर्यंत नेतात. पात्रासच्या उत्सवाचा प्रारंभ मात्र १८२९ सालीं एका व्यापाऱ्याच्या घरीं झालेल्या नृत्यसमारंभापासून मानतात. पुढें बेदाण्याच्या निर्यातीनें शहर श्रीमंत झालें. परदेशीं व्यापारी वसले. १८७२ सालीं अपोलॉन नाट्यगृह उभें राहिलें. 'बुर्बुलिया' नांवाच्या तेथील नृत्यांची चाल मोठी विलक्षण. स्त्रिया काळा पायघोळ झगा व मुखवटा घालून येत आणि पुरुष उघड्या चेहऱ्यानें. जोडीदार निवडावयाचा तो स्त्रीनें. एरव्हीं जिच्यावर सर्वांची नजर, तिला त्या रात्रीं कोणी ओळखीत नसे, आणि म्हणून ती मोकळी असे. मुखवटा चेहरा झांकतो हें खरें. पण त्याच्या आडून माणसाला कांहीं काळ आपल्या ओळखीच्या ओझ्यांतून सुटतांहि येतें, हें मला तेव्हां केवळ ऐकून ठाऊक होतें.

मिरवणूक आली. अग्रभागीं उत्सवाचा राजा : कागदाच्या लगद्याचा, अवाढव्य, गाडीवर विराजमान. त्याच्या मागें राजकारण्यांची टर उडविणारे चित्ररथ, आणि त्यांच्यामागें पथकांमागून पथकें. पथक म्हणजे एकच वेष केलेला, एकाच तालावर नाचणारा मित्रांचा, शेजाऱ्यांचा किंवा सहकाऱ्यांचा मेळा. अशीं हजारों माणसें मिरवणुकींत असतात.

बुद्धिबळाच्या सोंगट्या झालेलें एक पथक आमच्यासमोर थबकलें. त्यांतील एका प्याद्यानें आपला अर्धा मुखवटा काढून आमच्या मुलीच्या हातांत ठेवला, आणि तें पथक पुढें निघून गेलें. मुलगी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग तिनें तो बांधला आणि वाद्यांच्या ठेक्यावर कडेकडेनें चालूं लागली. आम्ही धांवतच तिच्यामागें. पुढें खुर्चीवर बसलेल्या एका आजीबाईंनीं तिला हांक मारून विचारलें, 'तूं कोणत्या पथकाची ग ?' मुलीनें पुढें गेलेल्या सोंगट्यांकडे बोट दाखविलें. आजीबाईंनीं मान डोलावली. त्यांचें समाधान झालें. सहा महिन्यांत प्रथमच तिला कोणीं निराळा प्रश्न विचारला होता.

रात्रीं बंदरावर त्या राजाचें दहन झालें. आठच दिवसांवर होळी आलेली. त्यामुळें ती आग आम्हांला परकी वाटली नाहीं. गोव्याच्या ज्या श्रोत्यांनीं इंत्रुजाची धमाल पाहिली आहे, त्यांना तर या साऱ्या प्रकारांतील नातें सहज उमगेल.

दुसरा दिवस 'शुद्ध सोमवार', उपवासाचा पहिला. लोक डोंगरावर, समुद्रकांठीं जाऊन पतंग उडवितात, आणि बिनखमिराची 'लगाना' नांवाची पसरट भाकर, ऑलिव्ह, शेंगांचे दाणे व तिळाचा हलवा खातात. भेटेल तो 'काली साराकोस्ती' म्हणतो. आपण दचकूं नये. ग्रीक भाषेंत 'काली' म्हणजे चांगली. उपवास चांगला जावो, एवढीच ती सदिच्छा.

मुखवटा त्या दिवशीं घरीं राहिला होता. शेजारीं पतंग उडविणाऱ्या एका मुलीनें आमच्या मुलीला नेहमींचाच प्रश्न केला, 'तूं कुठली ?' मीं श्वास रोखला. आमची मुलगी हातांतल्या हलव्याकडे पाहून म्हणाली, 'आमच्याकडेहि तीळ आणि पतंग एकाच दिवशीं असतात, पण जानेवारींत.' मग त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या, तें मीं विचारलें नाहीं.