३२ कधी मिळवायचे? सरकणाऱ्या रेषेची गोष्ट

भारतातून अमेरिकेत आलेल्या माणसाला हवामानाचा अंदाज समजून घ्यायला एक सूत्र लागतंच: सेल्सिअसला १.८ ने गुणा आणि ३२ मिळवा.

फॅ = १.८ × से + ३२

आडव्या अक्षावर सेल्सिअस आणि उभ्या अक्षावर फॅरनहाइट घेऊन आलेख काढला, की सरळ रेषा मिळते. आता आधी ३२ बाजूला ठेवा. फॅ = १.८ × से ही रेषा आरंभबिंदूतून जाते. तिचा प्रत्येक बिंदू ३२ घरं वर सरकवला, की आपली रेषा तयार! याला स्थानांतरण म्हणतात. रेषा सरकली, पण कलली नाही. चढ आधी १.८ होता, नंतरही १.८ च. म्हणून दोन्ही रेषा समांतर आहेत.

आता रेषा आडवी सरकवू. सेल्सिअसऐवजी केल्विन घेऊ. केल्विनचा आकडा सेल्सिअसपेक्षा २७३.१५ ने मोठा असतो, म्हणजे रेषा तेवढी उजवीकडे जाते. पण सूत्रात दिसते वजाबाकी:

फॅ = १.८ × (के − २७३.१५) + ३२

उजवीकडे सरकताना वजा चिन्ह कसं? इथे अनेक विद्यार्थी अडखळतात. पाणी गोठतं तेव्हा फॅरनहाइटमध्ये उत्तर ३२ यायला हवं. पूर्वी त्यासाठी ० घालत होतो, आता २७३.१५ घालतो. उत्तर तेच राहायचं असेल, तर जास्तीचे २७३.१५ आधी काढून टाकायला हवेत. वजा चिन्ह तेच काम करतं.

कंस सोडवला तर फॅ = १.८ × के − ४५९.६७ मिळतं. म्हणजे २७३.१५ घरं उजवीकडे सरकणं आणि ४९१.६७ घरं (१.८ × २७३.१५) खाली सरकणं, दोन्हींनी रेषा एकाच जागी पोचते. पॅराबोलाच्या बाबतीत असं होत नाही. तो उजवीकडे सरकवला काय आणि खाली सरकवला काय, दोन वेगळे वक्र मिळतात.

याचा व्यवहारात उपयोग काय? २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्यासाठी प्रयत्न करायचं ठरलं. फॅरनहाइटमध्ये हे किती? सूत्रात १.५ घातले तर ३४.७ येतात, आणि ते साफ चूक! ही वाढ म्हणजे दोन तापमानांमधला फरक आहे. दोन्ही तापमानांत ३२ मिळवलेले असतात, त्यामुळे वजाबाकीत ते उडून जातात. उरतो फक्त चढ: १.५ × १.८ = २.७ अंश. मुलाचा ताप २ अंश सेल्सिअसने उतरला, तर तो ३.६ अंश फॅरनहाइटने उतरला, ३५.६ ने नव्हे.

थोडक्यात, प्रश्न 'तापमान किती आहे?' असा असेल तर ३२ मिळवा. 'किती बदललं?' असा असेल तर फक्त १.८ ने गुणा, कारण रेषा कुठेही सरकवली तरी तिचा चढ बदलत नाही.