स्वस्त यंत्रातला शुद्ध गंधार

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या प्रक्षेपणातून हद्दपार केले. रेडिओचे प्रमुख तेव्हा लायोनेल फील्डन होते, आणि दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहिलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच पेटीविरुद्ध कठोर लेख लिहिला होता. आरोप दोन होते. पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर बसवलेले असल्यामुळे ते आपल्या स्वरांशी जुळत नाहीत, आणि पेटीवर मींड निघत नाही. जवळजवळ तीन दशकांनी बंदी सैल झाली. आरोप मात्र तसेच राहिले, आणि दिल्ली-नोएडाच्या जागरणांत, माता की चौकीत जो कीबोर्ड वाजतो त्याच्यावरही ते तितकेच लागू पडतात. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त डिजिटल सिंथेसायझरांची किंमत करताना हे दोन आरोप वेगवेगळे तपासायला हवेत असे माझे मत आहे. दुसऱ्या आरोपाला या यंत्रांकडे पुरेसे उत्तर नाही. पहिल्याला मात्र त्यातल्या काहींकडे फार चांगले उत्तर आहे, आणि जुन्या यंत्रांचे गुणगान करणारे नेमके त्याबद्दलच बोलत नाहीत.

इतिहास थोडक्यात असा. स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंग यांना १९६७ मध्ये आढळले की एका लहरीने दुसरीची कंप्रता वेगाने हलवली की अतिशय गुंतागुंतीचा नाद तयार होतो. यालाच एफएम म्हणतात. यामाहाने हे तंत्र परवान्यावर घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स७ बाजारात आणला, किंमत १,९९५ डॉलर. पाठोपाठ कॅसिओचा सीझेड-१०१ पाचशे डॉलरच्या आत आला. नव्वदीत वादकांना पुन्हा ॲनालॉग यंत्रांची ओढ लागली आणि ही डिजिटल यंत्रे अडगळीत गेली. ती आजही तुलनेने स्वस्त मिळण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांच्यावर फिरवायला खुंट्या नाहीत. चार बटणे, दोन ओळींचा पडदा आणि एका वेळी एकच आकडा, एवढ्यावर सगळा आवाज घडवावा लागतो.

यातले एक यंत्र जरा जवळून बघण्यासारखे आहे. १९८७ चा यामाहा टीएक्स८१झेड दिसायला धातूचा चपटा डबा. त्याला एकही पट्टी नाही. बाहेरचा कीबोर्ड मिडी केबलने जोडला की तो वाजतो. चार ऑपरेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारे घटक, आठ प्रकारच्या लहरी, एका वेळी आठ स्वर. त्याच्या पोटात प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वर-खाली सरकवण्याची सोय आहे आणि अर्ध्या स्वराचे त्यात ६४ भाग पडतात. अर्ध्या स्वराला १०० सेंट धरले तर एक पायरी साधारण १.५६ सेंटची झाली. आता शुद्ध गंधार बघू. षड्जाशी ५:४ या प्रमाणात असलेला गंधार ३८६ सेंटवर येतो, पेटीचा ४०० वर. हा टीएक्स८१झेडवर नऊ पायऱ्या खाली घेतला की फरक अर्ध्या सेंटच्याही आत येतो. ५:३ चा धैवत दहा पायऱ्या खाली घेतला की जवळजवळ काटेकोर बसतो. पंचमाला एक पायरी वर पुरते.

हे आकडे कानाला काय सांगतात? षड्ज २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार ३०० वर हवा. समान अंतराच्या पट्टीवर तो ३०२.४ वर येतो. षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० वर असतो आणि या गंधाराचा चौथा १२०९ च्या पुढे, म्हणून दोन्ही एकत्र लावले की सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात. तानपुऱ्यावर पेटी धरली की जी खरखर वाटते ती हीच. नऊ पायऱ्यांनी ती इतकी मंदावते की एक ठोका पडायला तीन-चार सेकंद लागतात. एफएम आवाजाला थंड, काचेसारखा म्हणून नावे ठेवतात. इथे तोच गुण कामी येतो. ऑपरेटरांची प्रमाणे पूर्णांकी ठेवली की उपस्वर नेमक्या जागी बसतात, आणि गंधार जुळला की नाही हे लपून राहत नाही. शिवाय हे सूर आकडेमोडीतून येतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या आणि जानेवारीत गारठणाऱ्या दिल्लीत जुन्या ॲनालॉग यंत्राचे सूर तापमानाबरोबर सरकतात. याचे जागेवर राहतात.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच ध्यासापायी श्रुतींची गणिते मांडली आणि ई. क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, पण ती रुजली नाही. तिला जास्तीच्या जिभा हव्या होत्या, वेगळी पट्टी हवी होती, नव्याने बसवलेला हात हवा होता. टीएक्स८१झेडला यातले काहीच लागत नाही. हात तोच राहतो, फक्त आकडे बदलतात.

जाणकार इथे हरकत घेतील, आणि ती हलकी नाही. जैरजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये गायक-वादकांचे स्वर मोजून दाखवले की प्रत्यक्ष मैफलीत एकच स्वर एका ठिकाणी ठरून राहत नाही. दरबारीचा गंधार तर आंदोलनातच राहतो; तो कुठल्या पायरीवर ठेवायचा? मला ही हरकत मान्य आहे. म्हणूनच हे यंत्र रागाची मुख्य बाजू मांडायला बसवू नये. भजनाची साथ, लांब धरलेला आधारस्वर, कोरसमागची भरण, नवशिक्याच्या कानाची तयारी, एवढे त्याचे क्षेत्र. ते लहानही नाही. टी-सीरिजने ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त केली की भक्तिगीते गल्लोगल्ली पोचली. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातल्या या कॅसेटयुगाचे तपशीलवार चित्र आहे. पुढे अशा गाण्यांमागे कीबोर्डची साथ सर्रास झाली, आणि लाखो कानांना समान अंतराचा गंधारच गंधार वाटू लागला, असे मला वाटते. यामाहा आणि कॅसिओने नंतर तबला-तानपुऱ्याचे आवाज भरलेले खास भारतीय कीबोर्ड काढले. आवाज देशी झाले, पण गंधाराचा प्रश्न त्या आवाजांनी सुटत नाही.

तरीही आज कुणी असे यंत्र विकत घ्यायचे म्हणाला तर मी आधी त्याला अडचणी सांगेन, कारण त्या खऱ्या आहेत. स्वतः भरलेले स्वरतक्ते यंत्रात दोनच राहतात, एक सप्तकाचा आणि एक सगळ्या पट्टीचा. काळी एकचा गायक उठून पांढरी पाचची गायिका बसली, किंवा यमन संपून भैरव सुरू झाला, की आकडे पुन्हा भरा. मींडेसाठी जोडलेल्या कीबोर्डवर पिच-बेंडचे चाक असते, पण ते त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकत्र ओढते. तक्ता जिवंत ठेवणारी नाण्याएवढी लिथियम बॅटरी आत डाग देऊन बसवलेली असते. ती संपली की मेहनतीने भरलेले सगळे पुसले जाते. जपानी बाजारासाठी बनलेला नग १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत तो थेट लावला की त्याचा वीजपुरवठा जळतो. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो, आणि स्वस्तपणातला एक वाटा तिथेच जातो.

सगळ्यांत मोठी काळजी चिपची. आवाज काढणारी वायएम२४१४ ही चिप यामाहाने स्वतःच्या यंत्रांसाठी घडवली होती. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये कंडेन्सर, बॅटरी, बटणे मिळतील आणि ती बदलणारे हातही मिळतील. ही चिप गेली तर मात्र दुसरे तसलेच यंत्र फोडावे लागते. आणि बंद पडलेल्या इलेक्ट्रॉनिक मालाची दिल्लीतली वाट बहुतेकदा यमुनेपलीकडच्या सीलमपूरला जाते. तिथे बोर्ड तापवून चिपा सुट्या करतात, तांबे आणि सोने काढायला आम्ल वापरतात, आणि ते काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांची किंमत कुठल्याच भावात धरलेली नसते. जुने यंत्र वापरात ठेवणे हे मला म्हणूनच निव्वळ हौशीचे काम वाटत नाही. पण दुरुस्त न होणारी यंत्रे गोळा करून ठेवणे म्हणजे तोच कचरा दहा वर्षे लांबवणे होय, हेही तितकेच खरे.

उरतो संगणकाचा प्रश्न. डेक्स्ड नावाचे फुकट सॉफ्टवेअर डीएक्स७ चा आवाज देते आणि हवा तो स्वरतक्ता फाइलमधून उचलते. तक्ते दोन ठेवा की दोनशे. ज्याच्याकडे बरा संगणक आहे त्याने तेच वापरावे, यात मला संकोच नाही. जुन्या डब्याची बाजू उरते ती मांडवात, जिथे जनरेटर बंद पडून चालू झाल्यावर काही सेकंदांत साथ परत लागायला हवी, आणि ज्या वादकाकडे कीबोर्ड आहे पण लॅपटॉप नाही त्याच्याकडे. त्याने यंत्र घेण्याआधी व्होल्टेज वाचावे, बॅटरी तपासावी, आठही स्वर एकत्र वाजवून बघावेत, आणि घरी आणल्यावर पहिला तक्ता भरला की तो मिडीने मित्राच्या संगणकावर उतरवून ठेवावा.