बाहेरची शेगडी, ट्रेलरचा गॅस

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आणि आई-वडील मे ते ऑगस्ट त्यांच्याकडे मुक्कामाला, हे चित्र आता बेळगाव-निपाणीकडच्या घरांनाही नवे राहिलेले नाही. तिथे गेल्यावर नायगारा होतो, ग्रँड कॅनियन होते. काही हौशी मुले मात्र आई-वडिलांना ट्रॅव्हल ट्रेलरमधून हिंडवतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. पण आत पलंग, न्हाणीघर, फ्रिज, ओटा असे सगळे असते. तिकडे ही हौस जुनी आहे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा चंदेरी ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' ट्रेलर १९३६ साली निघाला होता.

या घराचा सगळा संसार प्रोपेन गॅसवर चालतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, गाडीला जोडायच्या दांड्यावर, बहुधा दोन सिलिंडर उभे असतात. प्रत्येकी २० किंवा ३० पौंडांचे, म्हणजे साधारण ९ किंवा साडेतेरा किलोचे. स्वयंपाकाची शेगडी, अंघोळीचे पाणी, थंडीतली ऊब आणि अनेक ट्रेलरांत फ्रिजसुद्धा त्याच गॅसवर. गॅसवर फ्रिज कसा चालतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!

आता आपली माणसे म्हटली की फोडणी आली. त्या एवढ्याशा बंद जागेत मोहरी तडतडली, मिरची पडली की सगळ्यांना ठसका लागतो आणि छताचा धुराचा भोंगा कोकलू लागतो. मग साहजिकच शेगडी बाहेर काढायची कल्पना निघते. बाजारात सुटसुटीत शेगड्या आणि ग्रिल मिळतात. त्यांना एक पौंडाचा छोटा सिलिंडर लागतो, आणि तो चार माणसांच्या भाकऱ्या होईपर्यंत पुरेलच असे नाही. शेजारी तर दोन भरलेले सिलिंडर उभे! त्यांनाच नळी जोडली तर?

जोडता येते. तशी सोय अनेक ट्रेलरांना कारखान्यातूनच केलेली असते. पण खरी मेख इथेच आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये असतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "मामा, नळी नीट बसलीय, वासही येत नाही, पण ज्योत करंगळीएवढी! आईची भाकरी काही फुगेना." मी पडलो अर्थशास्त्राचा माणूस. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, तर त्यांनी न बोलता कपाटातून काचेची यू आकाराची नळी काढली आणि तीत पाणी ओतले. "हा सगळा पाण्याच्या उंचीचा खेळ आहे," म्हणाले.

प्रोपेन सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. बाहेरचे तापमान २१ अंश असेल तर आतला दाब असतो चौरस इंचाला सुमारे ११० पौंड; मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साडेतीन-चार पट. पारा ३८ अंशांवर गेला की तोच दाब १७० च्या पुढे जातो. हा गॅस तसाच बर्नरला दिला तर शेगडी राहणार नाही, मशाल होईल. म्हणून मध्ये रेग्युलेटर. ट्रेलरचा रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवून ११ इंच पाण्याइतका करतो. म्हणजे यू नळीच्या एका तोंडाला तो गॅस लावला, तर दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ११ इंचांचा, सुमारे २८ सेंटिमीटरचा फरक पडेल. एवढाच! आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटरही जवळजवळ तेवढाच, ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतो. सातासमुद्रापलीकडचा ट्रेलर आणि टिळकवाडीतला ओटा, दोन्हींची ज्योत वीतभर-दीडवीतभर पाण्याच्या दाबावर जळते.

मग भाच्याचे काय बिघडले होते? छोट्या सिलिंडरवर चालणाऱ्या शेगडीला तिचा स्वतःचा रेग्युलेटर असतो, कारण छोट्या सिलिंडरातही दाब पूर्णच असतो. त्याने ट्रेलरच्या बाजूच्या तोंडाला नळी जोडली. तिथे गॅस आधीच एकदा उतरून आलेला. पुढे शेगडीच्या रेग्युलेटरने त्याला पुन्हा अडवले. दोन रेग्युलेटर एकापुढे एक आले की ज्योत मलूल होणारच. शिवाय जास्त दाबासाठी बनवलेल्या शेगडीच्या जेटचे भोक बारीक असते. कमी दाबाचा गॅस त्यातून पुरेसा येतच नाही.

उपाय दोनच. पहिला, ट्रेलरच्या बाजूचे कमी दाबाचे तोंड वापरायचे. पण मग शेगडी ११ इंचांच्या दाबासाठीच बनवलेली आणि स्वतःचा रेग्युलेटर नसलेली हवी. काही कंपन्या आपल्याच शेगडीसाठी तसा बदली भाग देतात. दुसरा, मुख्य रेग्युलेटरच्या आधी, सिलिंडरजवळ एक टी जोडून पूर्ण दाबाचा गॅस घ्यायचा. मग शेगडीचा स्वतःचा रेग्युलेटर हवाच हवा, आणि नळीही तेवढ्या दाबाची. माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे. पूर्ण दाबाची नळी मुलाबाळांच्या पायांत लोळत ठेवायची कशाला? तिथले तोंडही शहाणे असते. जोडणी पक्की बसल्याशिवाय गॅस सोडत नाही.

मलूल ज्योत हा त्रास झाला. उलटी चूक जिवावर बेतते. शेगडीचा रेग्युलेटर काढून टाकायचा आणि चुकून नळी पूर्ण दाबाच्या तोंडाला लावायची! ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही. आपल्याकडे मंगल कार्यालयाच्या मागे आचाऱ्याची भट्टी १९ किलोच्या सिलिंडरवर धडधडते, ती जास्त दाबाच्या रेग्युलेटरवर. भट्टी त्यासाठीच बनवलेली असते. पण घरी कार्य निघाले की कुणीतरी उत्साही भावजी तोच रेग्युलेटर आणून घरच्या शेगडीला लावतात, लाडवांचे काम लवकर उरकावे म्हणून. घरच्या शेगडीच्या जेटचे भोक मोठे, त्यातून जास्त दाबाचा गॅस सुटला की ज्योत कढईबाहेर येते, आणि साधी रबरी नळी तो दाब किती वेळ सोसणार?

ज्योत बारीक असण्याचे आणखी एक कारण तिकडे वारंवार घडते. सिलिंडरच्या जोडणीत एक सुरक्षा-झडप असते. नळी तुटली आणि गॅस एकदम सुटला तर ती प्रवाह आवळते. आपण सिलिंडरची चावी झटक्यात पूर्ण उघडली, तर तिला नळी तुटल्यासारखेच वाटते! अशा वेळी सगळे बंद करायचे, थोडे थांबायचे आणि चावी सावकाश उघडायची.

जोडण्यांविषयी एक बारीक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या सिलिंडरच्या जोडणीचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवले की आवळतात. आपला हात सवयीने उजवीकडे जातो. नळीच्या टोकाला फुलपात्राच्या कडेसारखी पसरट जोडणी असेल, तर तिच्यावर पांढरी टेप गुंडाळायची नसते. तिथे धातूवर धातू बसूनच गॅस अडतो. गळती बघायला मात्र आपले साबणाचे पाणीच. बुडबुडा आला की कळले. काडी पेटवून बघणारे महाभाग तिकडेही असतील, आपण त्यांत नको.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून ट्रेलरमधला गॅसचा भोंगा जमिनीजवळ बसवलेला असतो, आणि आई-बाबा नेमकी त्याच्यासमोरच पिशवी ठेवतात. शेगडी ट्रेलरच्या भिंतीपासून आणि कापडी छत्रीपासून दूर ठेवायची. पाऊस आला की ती उचलून आत न्यायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो आणि त्याला वास नसतो. भाकरी राहिली तर राहिली, पावाला लोणी लावून खावे.

यलोस्टोनसारख्या ठिकाणी तर रात्री शेगडी बाहेर ठेवायचीच नसते. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर अस्वलांच्या वावरामुळे तंबूंनाही परवानगी नाही, टणक भिंतींचीच वाहने लागतात. तेव्हा निजण्यापूर्वी आधी सिलिंडरची चावी बंद करायची, नळीतला उरलासुरला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग नळी सोडवायची आणि ट्रेलरच्या तोंडावर टोपण लावायचे. शेगडीही झाकून ठेवायची, कारण बर्नरच्या नळीत कोळी जाळे करतात. पुढच्या सहलीत ज्योत निळीऐवजी पिवळी आणि काजळी धरणारी दिसली, तर आधी तिथे बारीक ब्रश घालून बघावे.