‘कपाल’ आणि ‘कपाळ’ : एका शारीरसंज्ञेचा अर्थविचार

संस्कृत ‘कपाल’ आणि मराठी ‘कपाळ’ हा मुळात एकच शब्द होय, हे ‘ल’कार-‘ळ’काराशी परिचित असलेल्या अभ्यासकास सांगावे लागत नाही. तथापि शारीरशास्त्रावरील संस्कृत वा हिंदी मजकूर मराठीत आणताना हीच एकरूपता अनुवादकाला फसविते. हिंदी शास्त्रीय परिभाषेत ‘कपाल’ म्हणजे मेंदू सामावणारी ८ हाडांची पेटी. मराठीत ‘कपाळ’ म्हणजे भुवया आणि केस यांमधील भाग. डोक्याच्या मागील बाजूचा ‘कपालास्थिभंग’ मराठीत ‘कपाळाचे हाड मोडले’ असा उतरला, तर जखम मागून पुढे येते. मजकूर वैद्यकीय दाखल्यातील असल्यास हा प्रमाद केवळ भाषेचा राहत नाही.

मुळात हा शब्द शरीराचा नव्हे, भांड्याचा. यज्ञात पुरोडाश ज्या मातीच्या खापऱ्यांवर भाजला जाई, त्यांस ‘कपाल’ म्हणत. अग्नीसाठी ८ कपालांवर भाजलेला तो ‘अष्टाकपाल’. डोक्याचे हाड वाडग्यासारखे खोलगट आणि फुटल्यावर खापरीसारखे दिसणारे, म्हणून त्याला हे नाव मिळाले असावे. असे अर्थांतर अन्यत्रही घडले आहे. लॅटिन ‘टेस्टा’ म्हणजे मातीचे भांडे किंवा खापर. त्यावरूनच इटालियन व फ्रेंच भाषांतील डोक्याचे शब्द आले. ‘कर्पर’ आणि ‘खर्पर’ या संस्कृत शब्दांनाही भांडे व कवटी असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने मात्र येथे वाटणीच केली : ‘खापर’ कुंभाराकडे राहिले, ‘कपाळ’ शरीराकडे गेले, आणि आता खापर फोडावयाचे ते कोणाच्या तरी माथ्यावरच!

सुश्रुतसंहितेतील योजना या दृष्टीने विशेष बोधक आहे. तेथे अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे ५ प्रकार सांगितले असून, कपालास्थींत डोके, शंख, गाल व टाळू यांच्याबरोबर गुडघा, नितंब आणि खांदा यांचीही गणना आहे. म्हणजे ‘कपाल’ हे तेथे अवयवाचे नाव नसून आकाराचे आहे. गुडघ्याची वाटी ‘कपाला’त कशी, असा प्रश्न मराठी वाचकाला पडतो, याचे कारण मूळ ग्रंथात नसून वाचकाच्या मातृभाषेत आहे.

कवटीकडून कपाळाकडे झालेला अर्थसंकोच एकट्या मराठीचा नाही. गुजरातीतही ‘कपाळ’ हेच आहे. बंगालीत तर त्याच शब्दाने कपाळ आणि नशीब असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. भोजपुरी ‘कपार’ मात्र संपूर्ण डोक्याचा वाचक राहिला. मराठीत ‘ललाट’ आणि ‘भाल’ हे शब्द काव्यापुरते उरले. दैवाची रेषा, कुंकू आणि त्राग्याने मारून घेतलेला हात हे सर्व कपाळाच्या वाट्याला आले.

जुना अर्थ पुरता लोपला आहे, असे मात्र नाही. चितेवर कवटी फुटते त्याला ‘कपाळमोक्ष’ म्हणतात. आपटून डोके फुटले तरी तोच शब्द योजतात. येथे भुवयांवरील भागाचा संबंध नाही. उलट ‘कपालभाती’चा अर्थ ‘कपाळ तेजस्वी करणारी क्रिया’ असा सांगण्यात येतो, तो मराठी कानाने ऐकलेला अर्थ होय. हठयोगप्रदीपिकेत ती षट्कर्मांपैकी एक असून तिचे फल कफदोषाचे शोषण हे सांगितले आहे.

संपूर्ण सांगाड्यासाठी, म्हणजे खालच्या जबड्यासह २२ हाडांसाठी, मराठीत ‘कवटी’ हा निःसंदिग्ध शब्द आहे. ‘खोपडी’ला थट्टेचा वा रागाचा वास येतो, ‘करोटी’ शुद्ध असली तरी तिने ‘कवटी’पेक्षा अधिक काही साधत नाही. खरी अडचण चेहऱ्याची १४ हाडे वगळून उरणाऱ्या ८ हाडांच्या पेटीची आहे. तिच्यासाठी ‘कपाल’ योजणे हिंदीत सुकर, मराठीत धोक्याचे. त्यापेक्षा ‘कर्पर’ बरा. बोलीत तो रूढ नसल्यामुळे त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा अर्थ वाचकाच्या मनात नसतो, आणि ‘कर्परास्थी’, ‘कर्परीय’ अशी रूपेही सहज सिद्ध होतात. ‘कपाळाचे हाड’ मग त्या आठांपैकी पुढील एकाच हाडापुरते राखून ठेवता येते.